मेलोहून आलेली माणसं

"मेलोहून," सुल्मा म्हणाली, आणि दाराशी वही घेऊन बसलेल्या मुलीने ते गावाच्या रकान्यात लिहूनही टाकलं.

विल्मार तिच्या मागेच उभा होता. गरम पाण्याचा थर्मॉस काखेत, 'माते' या कडवट पानांच्या चहाचा पेला हातात. आधी त्याला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. मग त्याने वाकून वहीत पाहिलं. माणसं दोन, गाव मेलो. "एवढ्या लांबून?" ती मुलगी म्हणाली. "बसने सहा तास तरी लागत असतील." "साडेसहा," सुल्मा म्हणाली, "वाटेत कॉफीला थांबते ना." तसं पाहिलं तर ते अगदीच खोटं नव्हतं. सुल्माचा जन्म मेलोचा, तिची बहीण अजून तिथेच असते. पण विसाव्या वर्षी ती कामासाठी मोन्तेव्हिदेओला आली ती परत राहायला गेली नाही, आणि आज सकाळी ती दोघं शहरातल्याच ला तेहा वस्तीतल्या आपल्या घराला कुलूप लावून, नेहमीच्या थांब्यावर नेहमीची शहरबस पकडून अर्ध्या तासात इथे उतरली होती. विल्मारला सांगावंसं वाटलं की पोरी, ते खोडून टाक. पण मागून माणसं रेटत होती. वर्षातून एकदा, ऑक्टोबरातल्या एका शनिवार-रविवारी, शहरातल्या सगळ्या जुन्या इमारती सगळ्यांना फुकट उघड्या असतात, आणि त्या दिवशी लोक आपलंच शहर पाहुण्यासारखं बघत हिंडतात. सुल्माला हा वारसादिन कित्येक वर्षं करायचा होता. दर वर्षी काहीतरी निघायचं. गेली सहा वर्षं तर तिने विषयच काढला नव्हता. परवा जेवताना ती अचानक म्हणाली, "या रविवारी जाऊ या का?" आणि विल्मार घाईघाईने "जाऊ या की" म्हणाला होता, जणू उशीर केला तर तिचं मन बदलेल.

ही पहिली इमारत विल्मारनेच सुचवली होती, कारण लिफ्टदुरुस्तीच्या नोकरीत तिची लिफ्ट बावीस वर्षं त्याच्या हाताखाली होती. जाळीच्या दाराची, आत मखमली बाक असलेली लिफ्ट. विल्मारला हे शहर वरून-खालून ठाऊक होतं, इतरांना ठाऊक असतं तसं आडवं नव्हे. कोणत्या कचेरीच्या छपरावर चाकाची खोली आहे, कोणत्या हॉटेलच्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचतं, कुठला दोर कोणत्या साली बदलला, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. त्याला ते सुल्माला दाखवायचं होतं. तिने सदतीस वर्षं त्याच्या कपड्यांचं ग्रीस धुतलं होतं, पण ते कुठून लागतं ते पाहिलं नव्हतं. आणि आता माहिती सांगणारा एक तरुण, गळ्यात पट्टा अडकवून, पंचवीस माणसांच्या घोळक्याला सांगत होता की या लिफ्टचं यंत्र एकोणीसशे एकोणतीस सालचं, एकही सुटा भाग बदललेला नाही. विल्मारच्या तोंडून नकळत "हुं" असा आवाज आला. ते यंत्र त्याने स्वतः, एका दमट फेब्रुवारीत, चार दिवस घाम गाळून बदललं होतं. "काही म्हणालात का काका?" तरुणाने विचारलं. सुल्माने कोपराने विल्मारला हळूच ढोसलं आणि म्हणाली, "त्यांना लिफ्टची सवय नाही हो. आमच्या मेलोत सगळे जिन्यानेच जातात." घोळका हसला. "भिऊ नका काका," तरुण म्हणाला, "ही पडत नाही." आणि सुल्माही हसली. तोंडावर हात ठेवून, खांदे हलवत, पूर्वी स्वयंपाकघरात, ती काम करायची त्या शाळेतल्या बायकांच्या नकला करताना हसायची तशी. विल्मार तिच्याकडे बघतच राहिला. त्याला आठवेना की हे हसू शेवटचं कधी ऐकलं. तो म्हणाला, "दोराने बांधलीय ना, मग पडेल कशी," आणि सगळे पुन्हा हसले, आणि ती आणखी हसली. तेव्हा त्याला वाटलं, जाऊ दे. मेलो तर मेलो. एक दिवस तर आहे.

बाहेर ऊन होतं आणि वारा होता. रस्त्याच्या दुतर्फा उभ्या प्लातानोच्या झाडांना नवी पानं आली होती आणि त्यांचा पिवळट भुसा हवेत उडत होता. निम्मं शहर डोळे चोळत आणि शिंकत चाललं होतं. सुल्मा त्याच्या दंडाला धरून चालत होती. ती प्रत्येक गोष्टीकडे नव्याने बघत होती. ज्या चौकातून ती हजारदा बस बदलायला गेली होती त्या चौकात थांबून तिने एका पोलिसाला नाट्यगृह कुठे आहे म्हणून विचारलं. नाट्यगृह समोरच होतं. पोलिसाने हात धरून दाखवल्यासारखं दाखवलं. "किती चांगली माणसं आहेत इथली," ती म्हणाली, आणि विल्मार म्हणाला, "पुरे झालं हं सुल्मा," पण तोही हसत होता. त्याने चालता चालता तिला मातेचा पेला भरून दिला, तिने नळीने ओढत ओढत संपवला आणि परत दिला. बऱ्याच वर्षांत त्यांनी इतकी साधी गोष्ट इतक्या सहज केली नव्हती. घरी ती पेला टेबलावर ठेवायची आणि तो टेबलावरून उचलायचा.

नाट्यगृहाची रांग लांब होती. त्यांच्या मागे एक म्हातारी होती, नीटनेटकी, केसांना निळसर झाक, एकटीच. अशा माणसांना रांगेत बोलल्याशिवाय राहवत नाही. तिने आधी वाऱ्याची तक्रार केली, मग झाडांच्या भुशाची, मग महापौरांची, आणि सुल्मा मेलोची आहे असं कळल्यावर मेलोत भेटलेल्या कुठल्याशा दंतवैद्याची. आणि मग विल्मारला जे येणार हे माहीत असायला हवं होतं ते आलं. "मुलंबाळं?"

विल्मारने तोंड उघडलं होतं. या प्रश्नाचं उत्तर गेली सहा वर्षं तोच देत आला होता. नाहीत. एवढंच म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडत नाही, कुणी खांद्यावर हात ठेवत नाही, "कसं झालं?" असं विचारत नाही. न्हाव्याकडे, नव्या शेजाऱ्याला, दवाखान्यात. पहिल्यांदा म्हणताना जड गेलं होतं. मग सवय झाली. जूनमध्ये पेन्शनच्या कचेरीत कारकुनाने फॉर्म भरता भरता विचारलं, अपत्यं? आणि विल्मार म्हणाला, नाहीत. सुल्मा शेजारच्या खुर्चीवर होती. तिने पर्सची चेन उघडली, आत काहीतरी शोधलं, चेन लावली. घरी परतताना बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. तो म्हणाला होता, "अगं, त्यांना हयात अपत्यं विचारायची असतात." ती म्हणाली, "हो. कळलं मला." त्यापलीकडे एक शब्द नाही. तिने भांडण केलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

"एक मुलगा आहे," सुल्मा म्हातारीला सांगत होती. "गास्तोन. पशुवैद्यकीला असतो इथे. शेवटचं वर्ष."

"अरे वा! म्हणजे त्यालाच भेटायला आलात."

"तर काय. पण उद्या त्याची परीक्षा आहे, पुस्तकातून डोकं वर काढायला तयार नाही. म्हणाला, आई, तुम्ही दोघं दिवसभर फिरा, संध्याकाळी भेटतो."

"अभ्यासू आहे मग."

"तसा आळशीच. यानेच लाडावून ठेवलाय त्याला," तिने विल्मारच्या दंडावर चापट मारली. "मी ओरडायची आणि हा मागच्या दाराने त्याला बाहेर सोडायचा."

विल्मारच्या कानात रांगेचा आवाज एकदम दूर गेला. तिच्या बोलण्यात कुठे अडखळ नव्हती. गास्तोन खरोखरच पशुवैद्यकीला गेला होता, चार महिने, आणि तो जगला असता तर आता सव्वीस वर्षांचा, कदाचित शेवटच्याच वर्षाला असता. मागचं दार खरं होतं. एवढंच की तो संध्याकाळी भेटणार नव्हता. म्हातारी त्याच्याकडे बघून म्हणाली, "वडिलांवर गेलाय का?" आणि विल्मारला कळेना काय करावं. नाही म्हणावं, तो गेला म्हणावं, तर सुल्मा या रांगेत, या पंचवीस-तीस माणसांसमोर उघडी पडणार. हो म्हणावं तर आपणच त्या मुलाला उठवून रस्त्यावर चालवल्यासारखं. "उंचीने माझ्यावर," तो म्हणाला. त्याचा आवाज त्याला परका वाटला. "नाकाने तिच्यावर." सुल्माने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत आभार होते, आणि तेच त्याला सोसेना.

आत त्यांनी काय पाहिलं ते त्याला सांगता आलं नसतं. लाल खुर्च्या, सोनेरी कठडे, कुणीतरी दिव्यांचं वजन सांगत होतं. तो सुल्माच्या मानेकडे बघत होता. तिने आज गळ्यात मोती घातले होते. ते तिने मुलाला भेटायला घातले आहेत असं त्याच्या मनात आलं आणि तो स्वतःवरच चिडला. मग त्याला प्रश्न पडला की हे आजच सुचलंय का तिला? सुचलेलं वाटत नव्हतं. "आई, तुम्ही दोघं दिवसभर फिरा" हे वाक्य इतकं वापरलेलं, घासून गुळगुळीत झालेलं होतं. पूर्वी कुठेतरी ते म्हटलं गेलं असावं.

दुपारी ती दोघं समुद्राकाठच्या रस्त्यावर आली. इथे समुद्र म्हणायचं म्हणून म्हणायचं, खरी ती नदीच, पलीकडचा काठ न दिसणारी, गढूळ. दगडी कठड्यावर शहर बसलं होतं. प्रत्येकाच्या काखेत थर्मॉस, पोरांच्या सायकली, कुत्री, कुणाचा तरी रेडिओ. विल्मारने गाडीवरून पुरीसारख्या तळलेल्या तोर्ता घेतल्या, वर साखर भुरभुरलेल्या, कागदाला तेल सुटलेलं. त्यांनी कठड्यावर जागा धरली. सुल्माने बोटं चाटली. ती तृप्त दिसत होती, आणि तिला तसं बघून त्याला भीती वाटत होती.

"सुल्मा," तो म्हणाला, "आता बंद कर हे."

"काय बंद करू?"

"तुला माहीत आहे काय ते."

"मी कुणाचं काय घेतलं?" ती म्हणाली. "त्या बाईचं काही गेलं का? ती घरी जाऊन म्हणेल, मेलोची एक जोडी भेटली, त्यांचा मुलगा डॉक्टर होतोय जनावरांचा. म्हणू दे ना. एका माणसाच्या डोक्यात तरी तो परीक्षेला बसेल उद्या."

"पण ते खरं नाही."

"आणि नाहीत म्हणणं खरं आहे?"

तिने ते रागाने म्हटलं नव्हतं. ती कागदाची घडी करत होती, चौकोनाचा छोटा चौकोन, त्याचा आणखी छोटा. तिच्याशी वाद घालायचा हक्क आपल्याला नाही असं त्याला वाटलं, आणि ते त्याला आजच वाटत नव्हतं. सहा वर्षांपूर्वी तिच्या बहिणीचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं म्हणून ती चार दिवस मेलोला गेली होती. रविवार होता. दोनच्या सुमाराला गास्तोन मागच्या अंगणाच्या दाराशी आला आणि म्हणाला, "बाबा, डोकं भयंकर दुखतंय." आणि विल्मार म्हणाला, "काल उशिरापर्यंत जागलास त्याचं आहे ते. गोळी घे आणि झोप जरा, बरं वाटेल." गास्तोन आत गेला. त्याच्या पुढचा भाग विल्मार कधी आठवत नसे. एकदम सात वाजलेले आठवत, पोराची मान वाकत नव्हती ती, आणि शेजाऱ्याची गाडी. डॉक्टरांनी विचारलं कधीपासून, तेव्हा तो म्हणाला, संध्याकाळपासून. दुसऱ्या दिवशी सुल्मा बसमधून उतरली तेव्हाही तो तेच म्हणाला. अचानक आलं गं, संध्याकाळी, आणि वेळच मिळाला नाही. डॉक्टरही म्हणाले की असा मेंदूचा ताप कुणाला वेळ देत नाही, आणि सुल्माने त्यावर विश्वास ठेवला. चार तास, पाच तास आधी नेला असता तर काय झालं असतं हे त्याने कुणालाही विचारलं नाही. विचारलं असतं तर कुणीतरी उत्तर दिलं असतं.

"तुमच्याकडे थोडं गरम पाणी मिळेल का?" शेजारी एक बाई येऊन उभी होती, हातात मातेचा पेला, आणि तिच्याबरोबर वीस-बावीस वर्षांची एक मुलगी, केसांची लांब वेणी, पांढरे बूट. "आमचा थर्मॉस ही लबाड घरी विसरली." विल्मारने पाणी ओतलं. दोघी तिथेच कठड्यावर बसल्या. बाईचं नाव मारिएला, मुलीचं आबिगाइल, राहायला उत्तरेकडच्या सायागो वस्तीत. मारिएला हसरी होती आणि बोलताना समोरच्याच्या गुडघ्यावर हात ठेवायची. विल्मारला वाटलं, आता उठावं, बसची वेळ झाली म्हणावं. पण सुल्माने आधीच मेलो सांगितलं होतं, आणि परीक्षा, आणि संध्याकाळ.

"पशुवैद्यकी?" मारिएला जवळजवळ ओरडली. "अगं, ही पण पशुवैद्यकीलाच! दुसऱ्या वर्षाला! आबि, गास्तोन म्हणून कुणी माहीत आहे का गं शेवटच्या वर्षाला?"

"आडनाव काय?" मुलीने विचारलं.

"साराल्देगी," सुल्मा म्हणाली.

आबिगाइलने विचार केला. "नावाने नाही ओळखत. पण शेवटच्या वर्षाचे बरेचसे आता शेतांवर असतात ना, कॉलेजात दिसतच नाहीत."

"तेच तर," सुल्मा म्हणाली.

"मग तर ओळख व्हायलाच हवी," मारिएला म्हणाली आणि डोळा मिचकावला. "या पोरीला शरीरशास्त्र काही केल्या जमत नाही. तुमच्या मुलाच्या जुन्या वह्या तरी मिळतील. द्या ना नंबर. आबि, घे गं नंबर."

"आई, काय हे," मुलगी लाजली, पण तिने फोन बाहेर काढला.

विल्मारने सुल्माकडे पाहिलं. आता ती थांबेल, असं त्याला वाटलं. नंबर आठवत नाही म्हणेल, फोन घरी राहिला म्हणेल. ती सरळ बसली, हात मांडीवर, आणि शाळेत पाढा म्हणावा तसा नंबर म्हणाली. विल्मारला तो पहिल्या चार आकड्यांतच ओळखू आला. गास्तोनचाच नंबर. तो फोन त्यांनी सात महिने चार्ज करून ठेवला होता आणि मग एके दिवशी कंपनीने नंबर बंद केला होता. निदान बंद झाला एवढंच त्याला माहीत होतं. "मी मिस्ड कॉल देते, म्हणजे त्याच्याकडे माझा जाईल," आबिगाइल म्हणाली, आणि विल्मार "नको" म्हणायच्या आत तिने बटण दाबलंही होतं. लागणार नाही, त्याने स्वतःला सांगितलं. बाईचा तो ध्वनिमुद्रित आवाज येईल आणि मग काहीतरी सांगू. पण रिंग वाजली. एकदा. दोनदा. आबिगाइल कापणार इतक्यात पलीकडून कुणीतरी उचलला.

"अय्या, उचलला," ती म्हणाली, आणि गडबडून तिने आवाज मोठा केला, सगळ्यांना ऐकू जावा म्हणून. "हॅलो, गास्तोन? तू मला ओळखत नाहीस, पण तुझी आई इथे माझ्या शेजारी बसलीय, सुल्माकाकू..."

पलीकडे कुठेतरी कुत्रं भुंकत होतं.

"दोन्या सुल्मा?" एक तरुण आवाज आला. "आज रविवारी कसा काय फोन? बऱ्या आहात ना?"

विल्मारला कठड्याचा दगड तळहाताखाली खरखरीत लागला. मारिएला हसऱ्या तोंडाने बघत होती. तिला यात काही वावगं वाटलं नव्हतं. मुलाने आईला असं परक्या बाईसारखं दोन्या म्हणून, तुम्ही म्हणून का बोलावं एवढंच कदाचित. सुल्माने मुलीच्या हातातून फोन घेतला, तो कसा धरायचा हे न कळल्यासारखा दोन्ही हातांत. "दामियान," ती म्हणाली, "बरी आहे मी. चुकून लागला. तू जेवलास का?"

"जेवलो. काकू, कुणी आहे का तुमच्याबरोबर?"

"विल्मार आहे."

"ओ." मग आवाज खाली आला, पण फोन मोठ्या आवाजावर होता. "त्यांना माहीत आहे?"

"आत्ता कळलं," सुल्मा म्हणाली.

विल्मारने तिच्या हातातून फोन घेतला. हिसकावला नाही, नुसता घेतला, आणि तिनेही दिला. "कोण तू?" तो म्हणाला. त्याला जोरात विचारायचं होतं, पण घशातून आवाज निघाला तो विनवणीसारखा.

"साहेब, मी दामियान. पाव पोचवायची गाडी चालवतो मी, लास पिएद्रासला राहतो. मी नवीन नंबर घेतला तेव्हा हा मिळाला, पाच वर्षं झाली. काकूंचा फोन आला. मी म्हटलं राँग नंबर. मग पुन्हा आला. तिसऱ्यांदा मी म्हटलं, बोला, गाडीतच आहे, वेळ आहे मला. तेव्हापासून मंगळवारी करतात."

मंगळवारी विल्मार क्लबात पत्ते खेळायला जायचा. सुल्माच म्हणायची, जा, तुला बरं वाटतं. "काय बोलता?" त्याने विचारलं.

"काही नाही हो. मी काय खाल्लं विचारतात. माझ्या पोरीला दात आले तेव्हा काय लावायचं ते सांगितलं त्यांनी. कधी कधी त्याच्याबद्दल. कधी तुमच्याबद्दल."

"माझ्याबद्दल काय?"

"की तुम्ही दुपारचे आडवे होत नाही. कितीही दमलात, आजारी असलात तरी. पूर्वी झोपायचात म्हणे. दोन वाजले की उठून अंगणात जाता आणि उभे राहता. का ते त्यांना कळत नाही. विचारायची भीती वाटते म्हणतात."

मारिएलाचं हसू आता गेलं होतं. तिने मुलीचा हात धरला होता. समोरून सायकलवरची पोरं ओरडत गेली. विल्मारला वाटलं की हा फोन बंद करावा, पण तो त्याचा नव्हता, आणि कोणतं बटण ते त्याला सापडेना; आणि ज्याला आपण आयुष्यात पाहणार नाही अशा माणसाचा तो श्वास पलीकडून ऐकू येत होता, वाट बघणारा. सुल्मासमोर सहा वर्षांत जे तोंडातून निघालं नव्हतं ते त्या पाववाल्याला सांगितलं गेलं. ती हातभर अंतरावर बसलेली असताना. "त्याचं डोकं दोन वाजता दुखायला लागलं होतं," विल्मार म्हणाला. "त्याने सांगितलं मला. मी म्हटलं झोप. संध्याकाळी नाही. दोन वाजता."

मग दामियान म्हणाला, "काकूंनी ऐकलं का हे?"

"हो."

"मग मी ठेवतो साहेब," तो म्हणाला, आणि ठेवला.

आबिगाइलने तिचा फोन हळूच त्याच्या हातातून काढून घेतला. मारिएला उठली. तिला काय समजलं, किती समजलं कोण जाणे. तिने सुल्माच्या खांद्याला हात लावला, पाण्याबद्दल आभार मानले आणि मुलीला घेऊन निघाली. काही पावलांवर मुलीने काहीतरी विचारलं आणि आईने नुसती मान हलवली.

विल्मार बसून राहिला. आता ती उठून जाईल, असं त्याला वाटलं. किंवा ओरडेल. त्याने दोन्हींची तयारी सहा वर्षं केली होती. सुल्मा रडत नव्हती. तिच्या कपाळावर एक आठी होती, हिशेब चुकतोय आणि कुठे ते सापडत नाही अशी.

"दोनला आला," ती म्हणाली. "आणि तू त्याला कधी नेलंस?"

"सातला."

"पाच तास." तिने ते शब्द सावकाश उच्चारले. मग ती त्याच्याकडे वळली आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते त्याला आधी ओळखताच आलं नाही, कारण ते त्याने योजलेल्या कुठल्याच चेहऱ्यासारखं नव्हतं. तो हावरेपणा होता. "मला वाटायचं दुपारी तो मित्रांकडे होता," ती म्हणाली. "तू म्हणाला होतास संध्याकाळी घरी आला. मी शनिवारी रात्री फोनवर बोलले त्याच्याशी, त्याच्यानंतर माझ्याकडे काही नाही. म्हणजे तो दुपारभर घरात होता. तुझ्याजवळ."

"हो."

"काय घातलं होतं त्याने?"

विल्मार म्हणाला, "सुल्मा, मी नेलं असतं तर..."

"ते नंतर," ती म्हणाली. "ते मी तुला नंतर विचारीन, घरी, आणि तुला सांगावं लागेल. आता हे सांग. काय घातलं होतं? गोळी घेतली का त्याने? कोणत्या खोलीत झोपला, आपल्या की त्याच्या? कुशीवर होता का? पाणी मागितलं का? मध्ये उठला होता का एकदा तरी, काही म्हणाला का?"

ती त्याच्याकडे सरकली होती. तिने त्याची बाही धरली होती. विल्मारने डोळे मिटले आणि सहा वर्षांत पहिल्यांदा तो त्या दुपारच्या आत शिरला. अंगणात द्राक्षाच्या मांडवाखालची खुर्ची. खुर्चीशेजारी उलट्या बादलीवर ठेवलेला रेडिओ. वस्तीच्या संघाचा फुटबॉलचा सामना होता, तीनला सुरू झाला. अकराव्या मिनिटाला तेचेराने उजवीकडून चेंडू आत आणला आणि गोलरक्षकाने पंजाने बाहेर काढला. मग कॉर्नर. मग पावसाची भुरभुर आली आणि त्याने रेडिओ पत्र्याखाली घेतला. मध्यंतराआधी एक पेनल्टी नाकारली आणि समालोचक चिडला, त्याचे शब्द न् शब्द विल्मारला आठवत होते. उत्तरार्धात दोन बदल. एकाहत्तराव्या मिनिटाला गोल, ओलिवेराचा, डोक्याने, आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याने हाक मारली, ऐकलंस का विल्मार, आणि तो ओरडला, ऐकलं, ऐकलं. सगळं होतं, एकेक मिनिट. त्याने अंगणातून घराच्या दाराकडे वळून पाहायचा प्रयत्न केला. दार दिसत होतं, अर्धवट लोटलेलं. आत अंधार होता. त्या अंधारात काय होतं ते त्याने त्या दिवशी पाहिलं नव्हतं, आणि न पाहिलेलं आता कुठून आणणार?

"सांग ना," सुल्मा म्हणाली. "शर्टाचा रंग तरी."

"आठवत नाही गं," तो म्हणाला.

"आठवेल," ती म्हणाली, आणि त्याची बाही न सोडता तिने पाय वर घेतले आणि नीट बसली. "घाई नाही. मी बसलेय इथे."